सरकार बहिरं नाही

मराठी वर्तमानपत्रांच्या पानांवर अपंगत्व रोज भेटतं, अपंग माणूस क्वचित. कारभार आंधळा असतो, सरकार बहिरं असतं, विरोधी पक्ष पांगळा झालेला असतो, मंत्र्यांनी केलेलं समर्थन लंगडं असतं. निर्णय रखडले की त्यांना लकवा मारतो, आणि त्यासाठी 'धोरणलकवा' असा जोडशब्दही आपण घडवून घेतला आहे. धडधाकट, पगारदार, गाडीतून फिरणाऱ्या माणसांच्या वागण्याचं वर्णन करायला आपल्याला दुसऱ्यांची शरीरं लागतात. या सवयीबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती फक्त कुणाच्या भावना दुखावतात एवढ्यापुरती नाही. ही भाषा खोटं बोलते. अपंग माणसाबद्दल खोटं बोलते आणि जिच्यावर ती उगारली जाते त्या सत्तेबद्दलही खोटं बोलते.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या बोलण्यात हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालं आहे, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. इथे माणसाला नाव पडतं ते पुष्कळदा अंगावरून: लंगडा आप्पा, मुकी आक्का, ठार बहिरा नाना, कुणी थोटा, कुणी चकणा. ज्याची समज वयाच्या मागे राहिली त्याला 'भोळा' म्हणतात, 'अर्धवट' म्हणतात, पाहुण्यांना 'डोक्यानं जरा कमी हाय' असं हळू आवाजात सांगतात आणि भांडण पेटलं की सरळ 'येडं' म्हणतात. आडनावांतही हे शब्द आहेतच. आंधळे आहेत, खुळे आहेत, आणि बोबडे आडनावाचे गृहस्थ तर देशाचे सरन्यायाधीश झाले. आडनावात गेलेला शब्द कुणाला टोचत नाही.

लंगडा आप्पा ही हाक उद्धट आहे, आणि आप्पांना ती आवडते का हे कुणी त्यांना विचारलेलं नसतं. पण आप्पा खरोखर लंगडतात, आणि हाक मारणारा संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर चहाला बसतो. 'लंगडी सबब' म्हणताना मात्र तिथे लंगडणारं कुणीच नसतं. एका बाजूला खोटी सबब असते, दुसऱ्या बाजूला ती ऐकून संतापलेला माणूस, आणि शिवी जाते ती तिसऱ्यालाच.

अलीकडे या बोलण्यात एका इंग्रजी शब्दाची भर पडली आहे. चेलाडी फाट्यावर, नसरापुरात, भोरच्या एसटी स्टँडवर मोबाइलवर खेळणारी पोरं चुकीची चाल करणाऱ्या गड्याला 'रिटार्ड' म्हणतात. पुण्याला कॉलेजात जाणाऱ्यांनी तो आणला, इंटरनेटनं पसरवला. बहुतेकांना त्याचा मूळ अर्थ माहीत नसतो. 'बावळट'पेक्षा जरा झणझणीत, एवढंच कळलेलं असतं. या शब्दाचा इतिहास मात्र माहीत असायला हवा, कारण तो आपल्याच एका मराठी शब्दाचाही इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' हे वैद्यकशास्त्राचे अधिकृत शब्द होते. बुद्ध्यंकाच्या उतरंडीवर त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. 'मोरॉन' तर हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९१० मध्ये याच कामासाठी मुद्दाम घडवला. हे तिन्ही शब्द शिव्या झाले, म्हणून डॉक्टरांनी आणि पालकांनी त्यांच्यापेक्षा सौम्य असा 'रिटार्डेड' उचलला. त्याच्या लॅटिन मुळात फक्त गती मंदावण्याचा, उशीर लागण्याचा भाव होता. तोही शिवी झाला. २०१० मध्ये अमेरिकेनं 'रोझाज् लॉ' नावाचा कायदा करून संघराज्याच्या अनेक कायद्यांतून तो काढून टाकला. ब्रिटनमध्ये 'स्पॅस्टिक' या शब्दाची तीच गत झाली आणि तिथल्या स्पॅस्टिक्स सोसायटीला १९९४ मध्ये 'स्कोप' हे नाव घ्यावं लागलं. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात इंग्रजीत 'मेंटल रिटार्डेशन' होतं. २०१६ च्या कायद्यात त्या जागी बौद्धिक अक्षमता आली.

मराठीत याच वाटेनं 'मतिमंद' आला. वेडा, खुळा, येडा या शब्दांच्या माऱ्यातून मुलांना सोडवावं म्हणून तो रुळवला गेला. मतिमंद मुलांची शाळा अशी पाटी ज्यांनी लावली ती माणसं त्या मुलांवर जीव टाकणारी होती. १९९१ मध्ये 'चौकट राजा' आला, दिलीप प्रभावळकरांचा नंदू घराघरांत पोचला आणि अनेकांना पहिल्यांदा असा मुलगा एक माणूस म्हणून दिसला. तरीही आज कुठल्याही शाळेच्या पटांगणात पाच मिनिटं उभं राहावं, 'ए मतिमंद' ऐकू येतंच. ज्या मुलाला ती शिवी दिली जाते तो बहुधा वर्गात दुसरा-तिसरा येणारा असतो आणि त्यानं फक्त झेल सोडलेला असतो.

इथे शहाणी माणसं म्हणतात, मग नवे शब्द काढण्यात अर्थ काय? जो शब्द आणाल तो दहा-वीस वर्षांत नासणार. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी या प्रकाराला नावही दिलं आहे: सभ्य शब्दांची फिरती पट्टी, जिच्यावर कितीही धावलं तरी माणूस जागच्या जागीच. निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. शब्द आपोआप नासत नाही. डॉक्टरच्या कागदावर तो नासत नाही, शाळेच्या पाटीवरही नाही. जो तसा नाही त्याला अपमान म्हणून तो लावला जातो, तिथे तो नासतो. शिवी लागू पडायची तर बोलणारा, ऐकणारा आणि भोवतालचे सगळे यांचं आधीच एकमत असावं लागतं की तसं असणं ही माणसाची सगळ्यात हीन अवस्था आहे. हे एकमत जागच्या जागी ठेवून शब्द बदलत राहिलो तर पट्टी फिरतच राहणार. ती चालवणारं इंजिन म्हणजे शब्दाचा लाक्षणिक वापर, आणि त्याकडे आपण बघतच नाही.

वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावातली ग्रामसभा मला आठवते. ओढ्यावरची मोरी पावसात वाहून गेली होती. एक तरुण कार्यकर्ता उठला आणि तावातावानं म्हणाला, "सरकार आंधळं हाय, बहिरं हाय. आपलं गाऱ्हाणं त्याला ना दिसतंय, ना ऐकू येतंय." टाळ्या पडल्या. देवळाच्या खांबाला टेकून एक म्हातारे बसले होते. जन्मापासून दृष्टी नाही, गाव त्यांना तात्या म्हणतं. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "मोरी गेलीय हे मला त्याच रात्री कळलं. पाण्याचा आवाज बदलला ना. मला न दिसता कळतंय आन् साहेबांना दिसून बी कळत न्हाई, तर त्यांना माझं नाव कशाला देता?"

सभा हसली आणि पुढच्या विषयाकडे वळली. तात्यांना हसवायचं नव्हतं. एवढं नेमकं विधान मी या विषयावरच्या कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

त्या मोरीची पाहणी झाली होती. साहेब येऊन गेले होते, टेप लावून मोजमाप घेतलं होतं, मोबाइलवर फोटो काढले होते. म्हणजे मोरी दिसली होती. नंतर कुठेतरी कुणीतरी ठरवलं की या गावाला मतं थोडी, रस्ता शेवटचा, पुढे डोंगर, तेव्हा यंदा नको. हा निर्णय उघड्या डोळ्यांनी घेतलेला असतो. त्याला 'आंधळा कारभार' म्हटलं की निर्णय नाहीसा होतो आणि त्या जागी एक शारीरिक उणीव येऊन बसते. ज्याला दिसत नाही त्याला न दिसल्याबद्दल कोण दोषी धरणार? आपण सरकारवर तुटून पडतो आहोत असं समजतो, आणि प्रत्यक्षात त्याला निर्दोष सोडतो. बहिरं सरकार म्हणताना तेच होतं. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं समोरच्याच्या ओठांकडे, हातांकडे, चेहऱ्याकडे किती बारकाईनं बघतात हे त्यांच्याशी बोललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. निवेदन हातात घेऊन ते ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्या माणसाशी त्यांचं काय साम्य?

२०१३ मध्ये शरद पवारांनी, कुणाचं नाव न घेता, फायलींवर सही करताना हाताला लकवा भरतो का, अशा अर्थाचा टोला लगावला होता. रोख तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांवर असल्याचं साऱ्या महाराष्ट्रानं ओळखलं आणि तो टोला अजून सांगितला जातो. राजकीय टोला म्हणून तो जमलेला होताच. पण सही न करणारा हात लुळा नसतो. सही केली तर कुणाचा फायदा, नाही केली तर कुणाचा, याचा हिशेब करून तो थांबलेला असतो. तो हिशेब बरोबर असेल किंवा चूक. ज्याचा उजवा हात खरोखर लकव्यानं गेला आहे तो माणूस डाव्या हाताचा अंगठा उठवून, दोन साक्षीदार उभे करून आपलं काम पुरं करतो. तलाठी कार्यालयात हे दृश्य कुणीही पाहावं.

आपल्या म्हणीही याच चष्म्यातून पुन्हा वाचायला हव्यात. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. गैरकारभाराचं उदाहरण म्हणून ही म्हण आपण हजारदा वापरतो. जरा थांबून त्या घराकडे बघा. घरात दळण दळतंय कोण? जिला दिसत नाही ती. डोळे असलेले घरातले बाकीचे कुठे आहेत? पीठ खाणारं कुत्रं हाकलायला त्यांच्यातलं एकही जागचं हललेलं नाही. एवढं सगळं त्या पाच शब्दांत आहे, आणि पिढ्यान् पिढ्या दोष मात्र जात्यावर बसलेल्या बाईवर गेला आहे. त्या घरात काम करणारी ती एकटीच होती.

यावर कुणी संतांचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. एकनाथांच्या भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, मुका येतो, पांगळा येतो. देहाच्या उणिवेतून मनाच्या अवस्थेकडे बोट दाखवणं ही मराठी भक्तिपरंपरेची जुनी रीत आहे. भल्या पहाटे दान मागत फिरणारा पांगुळ ही तर गावगाड्यातली मान्य भूमिका होती. मला तिथे एक फरक दिसतो. भारुडातला आंधळा 'मी' म्हणून बोलतो. कवी स्वतःला त्या जागी ठेवतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपल्या शेजारी बसवतो. त्या रूपकात कुणी वरचा आणि कुणी खालचा राहत नाही. तरीही एक आक्षेप शिल्लक राहतोच: दृष्टी नसणं म्हणजे अज्ञान, हे समीकरण तिथेही गृहीत आहे. संतांबद्दलच्या माझ्या आदरात त्यामुळे काही उणं होत नाही, पण समीकरण चुकीचं आहे हेही मी म्हणणार.

दुसरं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला. मुकेपणाचं रूपक तिथे अगदी नावातच आहे. पण ती माणसं जन्मानं मुकी नव्हती. त्यांना बोलू दिलं नव्हतं, बोललेलं छापायला कुणी तयार नव्हतं, आणि नाव वाचताच वाचकाला हे कळत होतं. या रूपकात दोष तोंड दाबणाऱ्याकडे जातो. बहिरं सरकार म्हणताना दोष शरीराकडे जातो आणि माणूस सुटतो. एखादं रूपक ठेवावं की टाकावं याची याहून साधी कसोटी मला सापडलेली नाही: ते वापरल्यावर जबाबदार माणूस ठळक होतो की पुसला जातो?

या कसोटीवर आपलीच माणसंही घासून बघावी लागतात. 'अंधश्रद्धा' हा शब्द महाराष्ट्रातल्या एका फार मोठ्या चळवळीचा शब्द आहे. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य दिलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. तो शब्द उद्या टाकून द्या असं मी म्हणणार नाही; त्याच्याशी एक बलिदान बांधलेलं आहे आणि मराठीत तो आता अखंड शब्द म्हणूनच ऐकला जातो. तरी हे नोंदवण्यासारखं आहे की त्या खुनानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या लांबलचक शीर्षकात 'अंधश्रद्धा' नाही. तिथे नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. म्हणजे माणूस जे करतो त्याची नावं आहेत. आरोप ठेवायचा झाला तर कृत्याचंच नाव लागतं.

एवढ्या शब्दांवरून एवढा काथ्याकूट कशाला, असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातलीच एक घटना. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद मुलींना आणि तरुणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण देण्यात आलं. गर्भ राहण्याची भीती हेही. काही जणींच्या शस्त्रक्रिया झाल्यानंतर स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि उरलेल्या थांबवाव्या लागल्या. स्वच्छता शिकवायला माणसं लागतात, पुरेशा आया लागतात, वेळ लागतो. गर्भाची भीती असेल तर ती त्या मुलींपर्यंत पोचू शकणाऱ्या पुरुषांची भीती आहे, आणि तिचा बंदोबस्त दारावर करायचा असतो. हे सगळं बाजूला ठेवून उपाय त्या मुलींच्या पोटात शोधला गेला. त्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हा अनेक सुशिक्षित घरांत विचित्र वाटला होता. मतिमंद मुलीला काय विचारायचं?

भोर-वेल्ह्याच्या माणसाला ससून म्हणजे शेवटचा आसरा. सर्पदंशापासून बाळंतपणातल्या अडचणीपर्यंत इथली माणसं तिकडेच धाव घेतात आणि जीव वाचवून परत येतात. त्या रुग्णालयाबद्दलची कृतज्ञता माझ्याही घरात आहे. म्हणूनच ती घटना मला जास्त लागते. तिथे कुणी राक्षस नव्हते. आपल्यासारख्याच माणसांना ते सोयीचं आणि दयाळूपणाचंही वाटलं.

शिव्यांमुळे शस्त्रक्रिया झाल्या असं मी म्हणत नाही. दोन्हींच्या मुळाशी असलेली समजूत मात्र एकच आहे: त्या माणसाला स्वतःचं मन नसतं, त्याचं शरीर म्हणजे इतरांची अडचण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, तेव्हा निकालपत्रात 'इम्बेसाइल' हा शब्द दिमाखानं वापरला गेला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की कॅरीच्या बुद्धीत काहीच उणं नव्हतं. मी म्हणते, असतं तरी? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये चंडीगढच्या एका प्रकरणात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीची संमती नसताना तिचा गर्भपात करता येणार नाही असा निकाल दिला. तिला मूल हवं होतं. २०१६ च्या कायद्यानं तर स्पष्टच लिहिलं की अपंग व्यक्तीवर तिच्या स्वतंत्र, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया करता येणार नाही.

वारसा हक्काची गोष्टही अशीच. जुन्या हिंदू कायद्यात आंधळा, बहिरा, मुका, वेडा यांना वाटणीतून वगळलेलं होतं. १९२८ च्या कायद्यानं ती अट काढली, पण जन्मतः वेडा किंवा 'इडियट' असलेल्याला तेव्हाही बाहेरच ठेवलं. १९५६ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला, तेव्हा कुठे रोग किंवा व्यंग यावरून कुणाचा वारसा तोडता येणार नाही असं ठरलं. कागदावर. पानशेतपासून गुंजवणीपर्यंत धरणांच्या काठच्या जमिनींना शहरातलं गिऱ्हाईक मिळू लागल्यापासून 'त्याला काय कळतंय' हे वाक्य फार महाग झालं आहे. चार भावांतल्या एका 'भोळ्या' भावाचा अंगठा कुठे उठवला, त्याच्या वाटचे पैसे कुठे गेले, हे गाव जाणून असतं आणि बोलत नाही. २०१६ चा कायदा त्याला मालमत्ता बाळगण्याचा, वारशानं घेण्याचा हक्क इतरांइतकाच देतो. तो हक्क त्याला सांगायला कुणी जात नाही.

त्याच भावाला मी आषाढात खाचरात पाहिलेलं असतं. चिखलणी झालेल्या वावरात रोपांच्या मुठी कुठे टाकायच्या, कुणाच्या हातातली मूठ संपत आली आहे, हे त्याला सांगावं लागत नाही. आंबेमोहराचं रोप आणि दुसरं रोप तो वासावरून वेगळं सांगतो. आकडेमोड येत नाही, पाढे येत नाहीत, तारीख सांगता येत नाही. शाळेनं त्याला दोन वर्षांत घरी पाठवलं. शेती त्याला चाळीस वर्षं वागवते आहे. गाव फार मायाळू असतं असं चित्र मला रंगवायचं नाही. गोठ्यात बांधून ठेवलेली माणसंही याच खोऱ्यांत होती, मागे दगड घेऊन लागणारी पोरंही होती. पण शेतावर त्याची मंद गती कुणाला अडवत नाही आणि परीक्षेत तीच गती 'मतिमंद' होते. मंदपणा कितपत त्याचा आणि कितपत आपण लावलेल्या घड्याळाचा, हे विचारायला जागा आहे.

रायरेश्वराच्या पठारावर वस्ती आहे, शेती आहे. खाली यायचं तर लोखंडी शिडी उतरावी लागते. ज्याचे पाय चालत नाहीत अशा माणसाला तिथून खाली आणायचं म्हणजे पाठीवर किंवा डोलीत. कड्याच्या माथ्यावरची गोष्ट समजून घेता येईल. पण सपाटीवरही आपण शिड्याच बांधल्या आहेत. एसटीच्या तिकिटात अपंग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे आणि गाडीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. दाखला मिळवायला ज्या कार्यालयात जायचं त्याला पायऱ्या आहेत, कठडा नाही. त्या दाखल्यावर टक्के लिहिलेले असतात. चाळीसच्या खाली भरलं तर योजनांचं दार बंद. गावात आता माणसाची विचारपूसही तशीच होते: "त्याचं किती टक्के भरलं?"

अशा परिस्थितीत आपण नाव बदललं. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला, केंद्रातला विभाग त्या नावाचा झाला, महाराष्ट्रातही २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निघाला. वेगळा विभाग हवाच होता. पण शब्दावर अपंगांच्या काही संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता आणि तो मला पटतो. शरीरात काही दिव्य आहे असं म्हटलं की रॅम्प मागणारा माणूस कृतघ्न ठरतो. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले आणि पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. त्या ४६ वर्षांत त्यांच्या अंगात दिव्य काही नव्हतं का? नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ मध्ये संस्था उभारली आणि आत्मचरित्राला नाव दिलं 'चाकाची खुर्ची'. खुर्चीला खुर्ची म्हणण्यात जो सरळपणा आहे तो मला हवासा वाटतो. शिवी माणसाला खाली ढकलते, गौरव त्याला मखरात बसवतो. दोन्हींत त्याच्याशी बरोबरीनं बोलायचं राहून जातं.

न्यायालयांनी या भाषेची दखल घेतली आहे. जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटांत अपंगत्व कसं दाखवावं याची तत्त्वं सांगितली. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि अपंगाला हीन ठरवणारा विनोद यांत फरक केला, आणि 'क्रिपल', 'स्पॅस्टिक' यांसारख्या शब्दांनी समाजाच्या नजरेत माणसाची किंमत उतरते हेही नोंदवलं. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कलम माणसाच्या तोंडावर केलेल्या अपमानासाठी आहे, आणि ते तेवढंच राहावं. 'लंगडी सबब' लिहिणाऱ्या संपादकावर खटला भरून काही साधणार नाही. त्याला फक्त विचारावं की सबब खोटी होती, अपुरी होती की विषयाला सोडून होती. तिन्हींसाठी मराठीत शब्द आहेत आणि तिन्हींचा अर्थ 'लंगडी'पेक्षा नेमका आहे.

शाळांमध्ये हे जास्त सोपं आणि जास्त निकडीचं आहे. 'मतिमंद' किंवा 'रिटार्ड' म्हणणाऱ्या पोराला छडीची गरज नाही. त्याच गावात, बहुधा त्याच भावकीत, एक मूल आहे ज्याच्याबद्दल तो शब्द खरोखर वापरला गेला आहे. ते मूल शाळेत आणलं, त्याच बाकावर बसवलं आणि त्याच्यासाठी वेगळा शिक्षक नियमित आला, तर शिवीला लागणारं एकमतच मोडेल. 'असा' मुलगा म्हणजे कोण हे ज्याला माहीत आहे त्याच्या तोंडून ते नाव दुसऱ्यासाठी निघणं अवघड असतं.

आणि ग्रामसभांचं म्हणाल, तर तक्रारीचा अर्ज लिहिताना 'प्रशासन आंधळे झाले आहे' हे वाक्य खोडावं. त्या जागी लिहावं की अमुक तारखेला अमुक पदावरच्या अधिकाऱ्यानं मोरीची पाहणी केली, मोजमापं घेतली, आणि त्यानंतर अंदाजपत्रक पाठवलं नाही. आंधळेपणाबद्दल माहितीच्या अधिकारात काही विचारता येत नाही, पाहणी अहवालाबद्दल विचारता येतं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात; त्या पाच टक्क्यांचं गेल्या वर्षी काय झालं, हा प्रश्नही त्याच सभेत, त्याच आवाजात विचारावा. तात्यांनी त्या दिवशी आणखी एक मागणी केली होती: नवी मोरी होईल तेव्हा तिला दोन्ही अंगांनी कठडा हवा. ती ठरावात यायला हवी, आणि तिचा खर्च त्या पाच टक्क्यांत न घालता मोरीच्याच अंदाजपत्रकात धरायला हवा. अंधारात, पावसात, डोक्यावर भारा घेऊन तो ओढा सगळं गाव ओलांडतं.